सर्वांत म्हातारं कार्ड

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आतल्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो. मूळचा घाटावरचा, पण नोकरीची शेवटची वर्षं इथं काढली आणि इथलाच झालो. खून, दरोडे, मारामाऱ्या सगळं पाहून झालं होतं. आता काय नवीन बघायचं राहिलंय, अशा तोऱ्यात मी असायचो. तो तोरा उतरवला एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी, आणि तेही बटणाचा फोन वापरणाऱ्यांनी.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, बाहेर एक गुरुजी आलेत. अर्ज द्यायचाय म्हणतात, पण कसला ते काही केल्या सांगत नाहीत."

"पाठव आत."

गुरुजींचं वय शहात्तर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानाला मफलर. खुर्ची दाखवली तरी बसेनात. दोन्ही हातांनी अर्ज पुढे केला. अक्षर असं की छापील वाटावं. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'मी कोणतेही अश्लील संकेतस्थळ पाहत नाही, असा दाखला मिळणेबाबत.'

मला हसू फुटलं. दाबता आलं असतं, पण दाबलं नाही. "अहो गुरुजी, असा दाखला कुठल्याच ठाण्यात मिळत नाही. मागितला तर मलासुद्धा कुणी देणार नाही!"

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही हसा साहेब. तुमचा काही दोष नाही. पण माझ्या पडवीत रोज संध्याकाळी पंधरा मुली गणिताला यायच्या. दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. आता एकच येते."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी उठून त्यांना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि चहा सांगितला. मग एकेक गोष्ट बाहेर आली.

आठवड्यापूर्वी वाडीतल्या बऱ्याच जणांच्या फोनवर एक संदेश आला होता. त्यात गुरुजींच्या आधार कार्डाचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'ही व्यक्ती अमुक अश्लील साईटची सदस्य आहे. वयाची खात्री करून नोंद केली आहे.' दुपारपर्यंत तो वाडीच्या ग्रुपवर आणि संध्याकाळी आजूबाजूच्या चार वाड्यांत पोचला. गुरुजी त्या ग्रुपवर नव्हतेच. मुली आल्या नाहीत म्हणून ते एका घरी विचारायला गेले, तेव्हा त्यांना कळलं. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. गुरुजी फुकट शिकवायचे, जवळपास दुसरी शिकवणी नव्हती, आणि यातल्या निम्म्या मुली गणितात गटांगळ्या खाणाऱ्या. वर्ग बंद म्हणजे त्यांचं वर्ष गेलं, हे गुरुजी तीनदा बोलले. स्वतःच्या अब्रूबद्दल एकदाच बोलले.

आमच्या धंद्यात पहिला संशय तक्रारदारावर घ्यायचा असतो. मी सरळ विचारलं, "गुरुजी, रागावू नका. तुम्ही तसलं काही पाहिलंत का?"

त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. बटणं झिजलेली, पडदा दोन बोटांएवढा. "यात काय दिसतं ते तुम्हीच बघून सांगा."

ठाण्यात सायबरचा कोर्स करून आलेल्या एक महिला हवालदार होत्या. त्यांना बोलावलं. त्यांनी संदेश पाहिला आणि लगेच मान हलवली. "साहेब, हल्ली पुष्कळ साईट वयाचा पुरावा मागायला लागल्यात. काही देशांत तसा कायदाच झालाय. आपल्याकडे तसल्या साईट सरकार सरळ बंद करतं. बंद झाल्या की लोक आडवाट शोधतात. त्या वाटेवर असले भामटे बसलेले असतात. बंद साईट उघडून देतो, फक्त तुम्ही अठरा वर्षांचे आहात हे दाखवा, कार्ड टाका, आमचं ॲप घ्या. ॲप घेतलं की ते फोनमधले सगळे नंबर ओढून घेतं. मग पैशांसाठी धमकी सुरू. दाद दिली नाही की त्या सगळ्या नंबरांवर बदनामी."

"म्हणजे कार्ड गुरुजींचं आणि फोन दुसऱ्याच कुणाचा?"

"तसंच दिसतंय."

अनोळखी इसमाविरुद्ध गुन्हा नोंदवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, त्यामुळे तो कागद माझ्याच टेबलावर राहिला. बदनामीचा संदेश परदेशी नंबरावरून आला होता, त्याच्या मागे मी धावत बसलो असतो तर अजून धावत असतो. गुरुजींचं कार्ड त्या ॲपवर टाकणारा हात मात्र इथलाच असणार, एवढं मला वाटत होतं.

फोटो मोठा करून पाहिला. तो मूळ कार्डाचा नव्हता, झेरॉक्सचा होता, आणि कोपऱ्यात लाल शाईने सतरा आकडा लिहिलेला होता. गुरुजींना विचारलं, "हे सतरा काय?"

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "अहो, ही तर माझी गाडीतली जागा."

आमच्या या भागात जवळजवळ प्रत्येक वाडीचं मुंबईत एक मंडळ असतं. आदल्या वर्षी मुंबईकर मंडळाच्या वार्षिक सभेला गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मानाने बोलावलं होतं. एसटीत ज्येष्ठांना सवलत असते, त्यासाठी वयाचा पुरावा लागतो. म्हणून वाडीच्या मंडळाच्या सेक्रेटरीने सगळ्यांच्या झेरॉक्स गोळा केल्या, प्रत्येकीवर जागेचा नंबर टाकला आणि फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकून दिले. हेतू चांगला. मुंबईच्या लोकांना यादी मिळावी, कुणाचा कागद हरवला तर फोनवर दाखवता यावा. सभा होऊन वर्ष उलटलं. फोटो तिथेच राहिले. दीडएकशे माणसांच्या ग्रुपवर वाडीतल्या तमाम म्हाताऱ्यांची नावं, जन्मतारखा, पत्ते आणि नंबर. दाराला कडी न लावता निजायची सवय असलेली ही माणसं. कार्डही तसंच उघड्यावर ठेवलं, तर त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता दीडएकशे जणांतला एक शोधायचा होता. मी वाडीत गेलो. कोकणात चौकशीला गेलं की आधी पाणी, मग चहा, मग 'आमाला काय माहीत नाय' हे ठरलेलं. एका मुलीच्या आईने मात्र पदर सावरत स्पष्ट सांगितलं, "सायेब, गुरुजींना आमी वाईट नाय म्हनत. माज्या नवऱ्याला पन त्यांनीच शिकवलंय. पन पोरीची जात हाय. उद्या कोन काय बोललं तर तोंड कुनाकुनाचं धरायचं?"

तिची भीती खोटी नव्हती.

गुरुजींकडे येणारी एकमेव मुलगी कोणाची, तेही विचारलं. ती मंडळाच्या सेक्रेटरीचीच. तो पंचेचाळिशीचा, मंडप डेकोरेशनचा धंदा करणारा, बोलायला गोड माणूस. गुरुजी त्याच्याबद्दल गहिवरून बोलले, "सगळं गाव फिरलं, पण तो एकटा माझ्या पाठीशी उभा राहिला." माझ्याही मनात आलं, वा, काय माणूस आहे! संशयितांच्या यादीतून सगळ्यात आधी मी त्याचं नाव खोडलं. एवढ्या वर्षांच्या अनुभवाची ही अक्कल.

तीन-चार दिवस हाती काही लागलं नाही. मग सावर्ड्याहून एका ओळखीच्या अंमलदाराचा फोन आला. त्याच्याकडे एक जनरेटर दुरुस्त करणारा आला होता. म्हणत होता, "कोण हे म्हातारबाबा, मी ओळखत पण नाय, यांचं कार्ड माझ्या फोनवर कशाला?" अंमलदाराने नाव वाचलं, आमचा गुन्हा त्याच्या कानावर होता, म्हणून कळवलं.

मी खुर्चीतून उठलोच. वाडीत तो संदेश इतका फिरला होता की पहिल्यांदा कुणाला आला हे कळणं शक्य नव्हतं. पण सावर्ड्याच्या मिस्त्रीला गुरुजींशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला तो थेट आला होता, म्हणजे त्याचा नंबर त्या फोनमध्ये होता. हवालदार बाईंनी शेजारच्या ठाण्यांना फोन लावले. दोन दिवसांत आणखी दोघं मिळाले. संगमेश्वरची एक फुलवाली आणि गुहागरचा एक वाडीवाला, जो आपल्या नारळीच्या बागेत लग्नं लावायला जागा देतो. दोघंही गुरुजींना ओळखत नव्हते.

बाईंनी तिन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहून माझ्यापुढे ठेवली. जनरेटर, फुलं, लग्नाची जागा.

"साहेब, हे तिघं कुणाच्या फोनमध्ये एकत्र असतील?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरीला बोलावलं. आरडाओरडा नाही, काठी नाही. समोर बसवलं, चहा दिला. गुन्हेगाराला घाबरवून बोलतं करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पण साध्या माणसाला भीती आधीच इतकी असते की आणखी घातली तर तो बंदच होतो. त्याला थोडी मोकळी जागा ठेवावी लागते.

मी विचारलं, "सगळ्यांनी मुली थांबवल्या. तू का नाही थांबवलीस?"

"गुरुजी तसे नायत सायेब."

"हे बाकीच्यांना पण वाटतं. वाटतं, पण खात्री नाही, म्हणून थांबवल्या. तुला खात्री कुठून आली?"

मी तीन नावांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने वाचला आणि कप खाली ठेवला.

"सायेब, पोरीला सांगू नका," हे त्याचं पहिलं वाक्य.

मग सगळं सांगितलं. तो पाहायचा ती साईट बंद झाली होती, पडद्यावर सरकारी आदेशाची पाटी यायची. कुठल्याशा ग्रुपवर आडवाटेचा पत्ता मिळाला. तिथे वयाचा पुरावा मागितला, याने कार्ड टाकलं, ॲप घेतलं आणि नंतर पैशांच्या धमक्यांना दाद दिली नाही.

"मग स्वतःचं कार्ड का नाही टाकलंस?"

"माजं नाव कुटं फुटलं तर, म्हनून भ्यालो."

"आणि गुरुजींचंच का टाकलंस? ग्रुपवर तीसेक कार्डं होती."

त्याने मान खाली घातली. "सायेब, वय अठराच्या वर पायजे म्हनत व्हते. मला वाटलं, जितका म्हातारा तितकं बरं. नाय म्हनायला जागाच नको. म्हनून सगल्यात म्हातारं कार्ड बगून टाकलं."

हवालदार बाईंनी तोंड फिरवलं. हसू त्यांनाही आवरत नव्हतं. मला मात्र तोवर संताप आला होता. मी टेबलावर मूठ आपटली. "तुझ्या नावाची तुला काळजी, आणि गुरुजींचं नाव काय रस्त्यावर पडलं होतं? अरे, तुझीच मुलगी त्यांच्या पडवीत बसते!"

"म्हनून तर तिला पाठवत व्हतो सायेब," तो रडायलाच लागला. "रोज वाटायचं, जाऊन पाया पडावं, सांगून टाकावं. दारापर्यंत जाऊन मागं यायचो."

त्याचा जबाब घेतला, फोन पंचनामा करून जप्त केला. ॲप त्याने काढून टाकलं होतं, पण खुणा राहिल्या होत्या. त्या साईटचा पत्ता बंद करण्यासाठी जिल्ह्याच्या सायबर शाखेमार्फत वर पाठवला. ती बंदही झाली. आठवड्याभरात बाईंनी मला तीच साईट दुसऱ्या नावाने चालू असलेली दाखवली, तेच रंग, तोच वयाचा चौकोन. तिच्यामागची माणसं मी निवृत्त होईपर्यंत सापडली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो.

तक्रारदार म्हणून गुरुजींना बोलावून नाव सांगितलं. ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "चौथीला माझ्याच वर्गात होता. उत्तर येईना की शेजाऱ्याचं बघून लिहायचा." आणि पहिल्यांदाच हसले.

रविवारी वाडीची गावकी, म्हणजे सगळ्या घरांची बैठक, बसणार होती, त्यात गुरुजींचा विषय होता. मी म्हटलं, "मी येतो. सगळ्यांसमोर नाव सांगतो, विषय संपला."

"नाही," गुरुजी ताडकन म्हणाले. "नाव सांगितलंत तर त्याची पोर परीक्षेला बसेल का? शाळेत तरी जाईल का? माझं नाव धुवायला तिचं मळवायचं?"

"पण नाव सांगितलं नाही तर लोक विश्वास ठेवणार नाहीत, गुरुजी. वर्ग पुन्हा भरला नाही तर?"

"नाही भरला तर एकीला शिकवीन."

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला. एवढ्या खटपटीने आरोपी शोधायचा आणि तोंड शिवून बसायचं? पण तपासातलं नाव सभेत सांगणं नियमातही बसत नव्हतं, हे मलाही माहीत होतं. नियम सोयीचा नसला की आम्ही तो विसरतो, एवढंच.

रविवारी चार वाजता मी आणि हवालदार बाई वाडीच्या सभागृहात गेलो. सत्तर-ऐंशी माणसं, बायका एका बाजूला. मी उभा राहून चार वाक्यांत सांगितलं. गुरुजींचं कार्ड दुसऱ्याने वापरलं, हे तपासात निघालं, गुरुजींचा यात कणभरही संबंध नाही, हे मी वर्दीत उभा राहून सांगतो.

मागून आवाज आला, "मंग नाव सांगा ना सायेब!"

दुसरा म्हणाला, "नाव नाय तर काय खरं मानायचं?"

गलका वाढला. मी कोर्टाचं, तपासाचं सांगत होतो, कुणी ऐकत नव्हतं. तेवढ्यात गुरुजी उठले. शाळेत वर्गावर यायचे तसे नुसते उभे राहिले आणि सभागृह शांत झालं. त्यातले निम्मे त्यांचेच विद्यार्थी.

"कोण घरात बसून काय बघतो, हे मला माहीत करून घ्यायचं नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्हीही घेऊ नका. ज्याचं त्याच्याजवळ राहू द्या. तुम्हाला विचारायचंच असेल तर एक विचारा. माझं कार्ड तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये वर्षभर काय करतंय?"

काही जणांनी आपापल्या फोनकडे पाहिलं. आणि मग पुढच्या रांगेतून सेक्रेटरी उठला. चेहरा पांढराफटक. बोटं शर्टाच्या टोकाशी चाळा करत होती. "मला कायतरी सांगायचंय," तो म्हणाला. "गुरुजींचं कार्ड..."

हा आता बोलणार, आणि याची पोरगी बायकांच्या रांगेत आईशेजारी बसलेली.

"कळलं," गुरुजी मोठ्याने म्हणाले. "मंडळाचा सेक्रेटरी म्हणून तुला सांगायचंय की माझं कार्ड आणि बाकीची सगळी कार्डं ग्रुपवरून काढून टाकणार. बरोबर ना? मग सांगतोस काय, काढ. आत्ता, इथं बसून काढ. आणि बाकीच्यांनीही आपापल्या फोनमधून काढा. मी बघतोय."

सेक्रेटरी तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. लोकांना वाटलं, गुरुजींच्या अपमानाचं वाईट वाटतंय. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मग जो गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. त्याचा फोन आमच्याकडे जप्त होता, म्हणून त्याने बायकोचा घेतला. हवालदार बाई रांगारांगांतून फिरून फोटो कसे पुसायचे ते दाखवत होत्या. एक आजी ओरडली, "गो बाय, माजा पन काडलास ना? त्यात मी लय म्हातारी दिसतंय!" सगळे हसले. ती पदर सावरणारी आई उठून गुरुजींपाशी आली, वाकून नमस्कार केला आणि एवढंच म्हणाली, "उद्या पाठवतंय पोरीला." तिच्यामागून आणखी दोघी उठल्या.

आठवड्याभरात पडवी भरली. मी एकदा मुद्दाम त्या बाजूने गेलो. पंधराच्या पंधरा मुली मांडी घालून बसल्या होत्या आणि गुरुजी वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून एकीला रागे भरत होते. मी गाडी न थांबवताच पुढे गेलो. किती बरं वाटलं, सांगता येत नाही. खटला पुढे तालुक्याच्या कोर्टात गेला. कायद्यात तडजोडीला जागा होती, गुरुजींनी संमती दिली आणि तो मिटला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? सगळं जग बिथरलेलं असताना एखाद्याला जरासुद्धा शंका येत नाही, तेव्हा तो देवमाणूस असेल किंवा त्याला काहीतरी माहीत असेल, हे तर शिकलोच. पण खरा धडा सभेहून परतताना मिळाला. गाडीत बसल्यावर हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, तुमचा फोन द्या बरं जरा." मी दिला. त्यात भाडेकरूंची, जामीनदारांची, हरवल्याची तक्रार द्यायला आलेल्यांची कार्डंच कार्डं होती. 'फोनवर फोटो पाठवून द्या, साहेब बघतील,' असं मीच सांगायचो. काहींची कामं होऊन तीन-तीन वर्षं झाली होती. मी ज्या गोष्टीबद्दल टेबलावर मूठ आपटली होती ती माझ्या खिशात होती. ठाण्यात पोचेपर्यंत मी एकेक पुसत बसलो.

वयाचा पुरावा मागणारे कायदे करावेत, वाईट साईट बंदही कराव्यात. मुलांसाठी ते हवंच, याला माझी ना नाही. पण पुरावा मागणाऱ्याने तो काम झाल्यावर कुठे ठेवायचा आणि कधी फेकायचा, हेही तितक्याच कडकपणे ठरवावं. आणि आपल्या लाजेची जशी आपल्याला काळजी असते, तशी दुसऱ्याच्या लाजेचीही असावी. हे मला कुठल्या प्रशिक्षणाने नाही, एका मास्तरांनी शिकवलं.

ही हकिगत छापू का, म्हणून मी गुरुजींना विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "छापा. फक्त कुणाला ओळख पटणार नाही असं लिहा." तसा प्रयत्न केला आहे. तरी वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या भागातला असेल तर त्याला कदाचित ओळख पटेल. पटली तर त्याने कृपया गप्प राहावं. ती पोर आता कॉलेजात आहे, आणि गणित घेऊनच शिकते आहे.